परवाना राज्याचा, पदवी देशाची

वैद्यकीय नोंदणी हा विषय डॉक्टरांच्या गप्पांत दोनदाच निघतो. एकदा इंटर्नशिप संपल्यावर आणि नंतर पाच वर्षांनी, रिन्युअलची तारीख उलटून गेल्यावर. मधल्या काळात तो नंबर लेटरहेडच्या कोपऱ्यात आणि रबरी शिक्क्यावर मुकाट पडून असतो. मी राज्य बदललं म्हणून माझ्या बाबतीत तो मध्येच जागा झाला. नेमक्या त्याच सुमाराला, २०२२ च्या एप्रिलमध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोंदणी आणि परवान्याच्या नव्या नियमांचा मसुदा जाहीर करून सूचना मागवल्या. बाकीच्यांनी वॉट्सॲपवर नुसता पुढे ढकललेला तो मसुदा मी त्यामुळे पेन्सिल घेऊन वाचला.

माझं एमबीबीएस महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातलं, त्यामुळे पहिली नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेची. एमडी मेडिसिनला दुसऱ्या राज्यात सीट मिळाली. राज्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुठलीही दोन राज्यं घ्या, गोष्ट साधारण अशीच घडते. तिथे रेसिडेन्सी करायची तर तिथल्या परिषदेची नोंदणी हवी, म्हणून इथून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तिकडे नाव लावलं. पुढे तिथेच खासगी हॉस्पिटलात नोकरी केली. सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आम्ही परत यायचं ठरवलं.

घर बदलायला ट्रक मिळाला, मुलीच्या शाळेचा दाखलाही आला. नोंदणीचं घोडं मात्र अडलं.

कागदांचा क्रम असा असतो. जिथून निघायचं तिथल्या परिषदेची एनओसी हवी. त्यासोबत गुड स्टँडिंग सर्टिफिकेट हवं, म्हणजे या डॉक्टरविरुद्ध चौकशी किंवा शिक्षा नाही असा दाखला. पुढे ते सगळं घेऊन इकडे अर्ज करायचा आणि एमडी ही वाढीव अर्हता म्हणून नोंदवून घ्यायची. वाचायला सोपं आहे. पण या दाखल्यांना मुदत असते आणि ते एकाच दिवशी हातात पडत नाहीत. तिकडच्या कार्यालयात माझी एनओसी तयार झाली तेव्हा गुड स्टँडिंगवर सही व्हायची होती. सही झाली तोवर हॉस्पिटलने दिलेलं अनुभवाचं पत्र "जुनं झालं, नवं आणा" अशा अवस्थेला पोचलं होतं. हॉस्पिटलच्या एचआरमधली मुलगी बदलली होती. नवीन मुलीने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही आमच्याकडे होतात का?"

या सगळ्यात मला खरी टोचलेली गोष्ट वेगळीच होती. एनओसी निघाली की तिकडच्या नोंदवहीतून नाव कमी होतं आणि इकडे ते अजून चढलेलं नसतं. मधल्या काळात मी कुठल्या राज्याची डॉक्टर? पूर्वीच्या १९५६ च्या कायद्यात कलम २७ होतं. भारतीय वैद्यक नोंदवहीत नाव असलेल्याला देशात कुठेही व्यवसाय करता येईल, असं ते म्हणायचं. २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २५ सप्टेंबर २०२० पासून लागू झाला आणि जुना कायदा गेला. नव्यात कलम ३४ आहे. राज्याच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव नसताना व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझं नाव राष्ट्रीय यादीत आहे, म्हणून मी सुरक्षित आहे, असं एका वकील मित्राचं मत पडलं. इथल्या हॉस्पिटलचं मत पडलं की राज्याचं सर्टिफिकेट दाखवा, मग रुजू व्हा. पगार हॉस्पिटल देणार होतं, त्यामुळे वकिलाचं मत बाजूला राहिलं.

तेवढे दिवस मी त्या हॉस्पिटलात राउंडला जायचे ती नुसती मागे उभी राहायला. केसपेपरवर एक अक्षर लिहायचं नाही, ऑर्डर द्यायची नाही. एका रात्री डायबेटिक किटोॲसिडोसिसचा, म्हणजे मधुमेहातल्या जीवघेण्या गुंतागुंतीचा पेशंट आला, पोटॅशियम खाली चाललेलं. मी आरएमओच्या, म्हणजे ड्यूटीवरच्या ज्युनियर डॉक्टरच्या कानाशी बोलत होते आणि तो लिहीत होता. सही त्याची. त्याचं एमबीबीएस होऊन फार तर वर्ष झालं असेल, पण नोंदणी पक्की होती.

आणि याच काळात मी फोनवर मात्र बिनधास्त डॉक्टर होते. २५ मार्च २०२० ला, लॉकडाउन लागला त्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नोंदणीकृत डॉक्टरला भारतातल्या कुठल्याही राज्यातल्या पेशंटला दूरस्थ सल्ला देता येतो, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे इथे बसून मी तिकडच्या माझ्या जुन्या पेशंटांचं इन्शुलिन बदलू शकत होते, तिकडे बसून इथल्यांचं. माणूस समोरच्या खुर्चीत येऊन बसला की राज्याची हद्द आडवी येणार. स्टेथोस्कोप लावता येतो तिथे अडचण आणि लावता येत नाही तिथे मोकळीक, हा न्याय मला अजून कळलेला नाही.

चिंचपोकळी स्टेशनला पश्चिमेला उतरून आर्थर रोड नाक्याकडे चालत गेलं की साने गुरुजी मार्गावर परिषदेचं कार्यालय आहे. अर्ज ऑनलाइन भरला तरी मूळ कागद दाखवायचे होते. तिथली गर्दी बघण्यासारखी असते. नुकतीच इंटर्नशिप संपलेली मुलं, सोबत आईवडील, वडिलांच्या हातात प्लास्टिकची फाइल. मुलगा मोबाइलमध्ये, वडील प्रत्येक मार्कशीट पुन्हा पुन्हा मोजतायत. शेजारच्या बाकावर पांढऱ्या केसांचे एक सर्जन होते. परदेशातल्या मुलाकडे राहून परत आले होते आणि मधल्या काळात रिन्युअल राहून गेलं होतं. "ऑपरेशनला हात थरथरला नाही कधी, या फॉर्मला थरथरतो," असं म्हणून ते मला आधार कार्डाच्या झेरॉक्सवर सही कुठे करायची ते विचारत होते.

माझ्या फाइलमध्ये एक गाठ आधीच होती आणि ती बहुतेक मराठी बायकांच्या फाइलमध्ये असते. एमबीबीएसच्या सर्टिफिकेटवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. एमडीवर आडनाव शेवटी, कारण त्या राज्यात तशी पद्धत, आणि वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. आधारवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. पॅनवर माहेरचंच. चार कागद, चार बायका. लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि शासन राजपत्र, असा त्यावरचा उतारा. राजपत्राच्या भाग दोनमध्ये, संकीर्ण सूचना व जाहिरातींमध्ये, जुनं नाव आणि नवं नाव छापून येतं. ते मी आधीच करून घेतलं होतं म्हणून निभावलं. खिडकीतल्या बाईंनी राजपत्राचं पान उलटसुलट करून पाहिलं आणि "हे बरं केलंत" एवढंच म्हणाल्या. त्या ऑफिसातली माझी सर्वांत आनंदाची घटना तीच.

याच धांदलीत मसुदा आला होता. आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या आमच्या तालुका शाखेची मीटिंग झाली, विषयपत्रिकेवर तो होता. चर्चा झाली ती मात्र दुसऱ्याच गोष्टींची: नेक्स्ट परीक्षा, म्हणजे एमबीबीएसनंतरची देशभर एकच असणारी परीक्षा कधी लागू होणार, परदेशात शिकलेल्या मुलांचं काय, आणि कायद्याच्या कलम ३२ मधला सामुदायिक आरोग्य सेवक, ज्याला मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. हे सगळे प्रश्न मोठे आहेत, मान्य. पण नोंदणी हस्तांतराच्या कलमांवर आलो तेव्हा जेवण लागल्याची वर्दी आली. एक ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "अगं, आम्ही जन्मलो इथे, शिकलो इथे, दवाखाना इथे. हे तू बघ." मग मीच बघितलं.

सूचना पाठवायची रीत मला तोवर माहीत नव्हती. भावनेने लिहिलेलं पत्र उपयोगाचं नाही, असं आमच्या शाखेतल्या एका निवृत्त सिव्हिल सर्जननी सांगितलं. जिल्हा आरोग्य यंत्रणेत आयुष्य गेलेला माणूस. शासन काय वाचतं आणि काय नाही, हे त्यांना पाठ. त्यांनी कागद आडवा धरून चार रकाने आखून दिले. नियमाचा क्रमांक, मसुद्यातला मजकूर, तुमचा सुचवलेला मजकूर, कारण. कारणाच्या रकान्यात मी सुरुवातीला अर्धं पान लिहिलं होतं. त्यांनी लाल पेनने खोडून दोन ओळी ठेवल्या. किटोॲसिडोसिसचा पेशंटही खोडला. "ही गोष्ट खरी आहे, पण ही वाचून क्लार्क चहाला जातो," म्हणाले.

माझ्या मागण्या साध्या होत्या. परिषदांनी एकमेकींना थेट कळवावं, डॉक्टरला पोस्टमन करू नये, कारण माझ्याबद्दलची माहिती एका सरकारी नोंदवहीतून दुसऱ्या सरकारी नोंदवहीत न्यायची असताना ती माझ्या हातून, माझ्याच खर्चाने आणि माझ्यावरच अविश्वास दाखवत जाते. नवी नोंद चढेपर्यंत जुनी चालू राहावी, म्हणजे अधांतरी दिवसच उरणार नाहीत. लग्नानंतरच्या नावबदलाचा पुरावा एकदा स्वीकारला की पुढच्या प्रत्येक अर्जाला तो पुन्हा मागू नये. आणि अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा ते परिषदेवर बंधनकारक असावं, नाहीतर डॉक्टरला मुदती आणि कार्यालयाला सवड, असं होतं. ईमेल पाठवली. पोच आली, छापील साच्यातली. पुढे काही नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती.

मे २०२३ मध्ये अंतिम नियम अधिसूचित झाले. प्रत्येक डॉक्टरला देशभर चालणारा एकच ओळख क्रमांक, परवाना पाच वर्षांचा, नूतनीकरण राज्य परिषदेकडूनच, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात परवाना हस्तांतरित करण्यासाठी अर्जाची सोय. हस्तांतराचा भाग मी दोनदा वाचला. दिशा चांगली होती. अधांतरी दिवसांबद्दल मला हवं होतं तसं एक सरळ वाक्य त्यात सापडलं नाही.

त्याच वर्षी २ ऑगस्टला दुसरे नियम आले, व्यावसायिक आचरणाचे, आणि तेव्हा मात्र आमचा वॉट्सॲप ग्रुप पेटला. औषधं जेनेरिक नावाने लिहायची सक्ती, समाजमाध्यमांवरच्या वागणुकीचे नियम, औषध कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या संमेलनांना आणि चर्चासत्रांना जायला मनाई. ओरड इतकी झाली की २३ ऑगस्टला आयोगाने ते सगळे नियम स्थगित केले आणि २००२ चे जुने पुन्हा लागू केले. पेपरांत गाजलं ते जेनेरिकचं. माझ्या मते आमच्यासारख्या गावांत खरी कळ दाबली गेली होती ती पुरस्कृत चर्चासत्रांच्या कलमाने.

रिन्युअलसाठी महाराष्ट्रात पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते मिळतात सीएमईला, म्हणजे डॉक्टरांचं ज्ञान ताजं ठेवायच्या व्याख्यानांना बसून. तालुक्याच्या गावात सीएमई कशी होते ते सांगते. हॉटेलचा हॉल, मागे कंपनीचा बॅनर, दारात सह्यांचं रजिस्टर, वक्ता जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणलेला, आणि कोपऱ्यात परिषदेने नेमलेला निरीक्षक, लोक खरंच बसलेत का ते बघायला. हॉलचं भाडं, जेवण, वक्त्याची गाडी, सगळं औषध कंपनीकडून. वक्त्याच्या शेवटच्या स्लाइडवर ज्या गोळीचं नाव येतं ती कोणाची हे सांगायला नको. हे बंद व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण मग भाडं कोण देणार, याचं उत्तर आमच्या शाखेकडे नाही. तीस-चाळीस सभासदांच्या वर्गणीत वर्षाला एखादी सीएमई होईल. मेडिकल कॉलेजांनी तालुक्यांत येऊन शिकवावं, असं मी मीटिंगमध्ये बोलले तेव्हा कॉलेजात असलेले दोघं माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मी त्यांची रजाच मागितलीय.

दुसरी खोच पॉइंटांची. हृदयविकारावरचं भाषण ऐकणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरला आणि मला सारखेच गुण. बसल्याचे तास मोजले जातात, काय कळलं ते नाही. तरीही मी रिन्युअलच्या बाजूची आहे. एकदा पास झालं की मरेपर्यंत डॉक्टर, ही पद्धत पेशंटच्या सोयीची नाही. मी शिकले तेव्हा मधुमेहाची जी औषधं पहिल्या पसंतीची होती त्यातली काही मी आता क्वचितच लिहिते. हे मला कोणीतरी विचारायला हवं. फक्त ते रजिस्टरवरच्या सहीने विचारलं जात नाही.

२३ ऑगस्ट २०२४ ला राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवहीचं पोर्टल सुरू झालं. देशात साडेतेरा लाखांहून जास्त नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टर, त्या सगळ्यांची एका ठिकाणी, आधारशी जोडलेली नोंद. वर्षानुवर्षांच्या याद्यांमध्ये वारलेले डॉक्टर आहेत, परदेशी स्थायिक झालेले आहेत, दोन राज्यांत नाव असलेले आहेत, त्यामुळे हे काम हवंच होतं. अर्जाला आधार, एमबीबीएसचं सर्टिफिकेट आणि जिथे पहिली नोंदणी झाली तिथलं प्रमाणपत्र. अर्ज आधी राज्य परिषदेकडे जातो, तिथून पडताळणीला कॉलेजकडे, मग आयोगाकडे, आणि मग क्रमांक मिळतो. मी अर्ज भरायला बसले आणि पहिल्याच पायरीला आधारमधून नाव उचलून समोर आलं, सासरचं. खाली जोडायचं सर्टिफिकेट माहेरचं, आडनाव पुढे. राजपत्राची पीडीएफ आता माझ्या फोनमध्ये मुलीच्या फोटोंच्या वर पिन केलेली असते.

कॉलेजचं पत्र लवकर निघावं म्हणून विद्यार्थी विभागात फोन केला. आमच्या वेळचे काका निवृत्त झालेत. नवीन माणूस म्हणाला की जुनी रजिस्टरं तळघरात आहेत, बॅचचं वर्ष आणि रोल नंबर सांगा. रोल नंबर मला आठवत नव्हता, पण ॲनाटॉमीच्या टेबलवर माझ्याबरोबर कोण होतं ते आठवत होतं. त्या मैत्रिणीला फोन केला. तिला स्वतःचा आठवत होता, माझा तिच्या पुढचा. पडताळणी झाली.

मधल्या काळात वाद दुसरीकडे सरकलाय. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना आधुनिक औषधशास्त्राचा वर्षाचा अभ्यासक्रम, सीसीएमपी, केल्यावर ॲलोपॅथीची औषधं लिहिता यावीत यासाठी राज्याने २०१४ मध्ये कायदा बदलला होता. त्यांची परिषदेकडे वेगळी नोंद करायचं २०२५ मध्ये ठरलं, थांबलं आणि पुन्हा ठरलं. त्याविरुद्ध १८ सप्टेंबरला आम्ही बंद पाळला, इमर्जन्सी चालू ठेवून. प्रकरण न्यायालयातही आहे. मी बंदात होते. पण संध्याकाळी ज्या वाडीतून पेशंट आला तिथे रात्री दार उघडणारा एकमेव डॉक्टर होमिओपॅथच आहे आणि त्याने दिलेलं पहिलं इंजेक्शन बरोबर होतं, हेही मला ठाऊक आहे. वर्षभराच्या कोर्सने औषधांचे दुष्परिणाम ओळखता येतील, यावर माझा विश्वास नाही. त्या वाडीत एमबीबीएस जाईल, यावरही नाही. पेशंटला निदान समोरचा कोणत्या नोंदवहीतला आहे ते कळावं, एवढा माझा आग्रह. परिषदेने डॉक्टरांसाठी क्यूआर कोड काढलाय, मी तो केबिनच्या दारावर लावलाय. आत्तापर्यंत तो मनापासून स्कॅन केला औषध कंपनीच्या एका एमआरने आणि एका विमा एजंटने. एका आजींनी "इथे पैसे भरायचे का?" म्हणून विचारलं.

राज्य बदलून परत यायच्या बेतात असलेल्यांना माझ्याकडून एवढंच. नोकरी सोडायच्या आधी एनओसी आणि गुड स्टँडिंगचे अर्ज एकाच दिवशी टाका, म्हणजे मुदती मागेपुढे होणार नाहीत. अनुभवाच्या पत्राच्या सही-शिक्क्याच्या तीन प्रती एचआर बदलायच्या आत घ्या. नाव बदललं असेल तर राजपत्र आधी, बाकी सगळं नंतर. नव्या हॉस्पिटलला रुजू व्हायची तारीख देताना "नोंदणी झाल्यावर" असं लेखी मागून घ्या, ते शक्यतो देतात. आणि बॅचमधल्या एकीचा तरी नंबर जपून ठेवा, जिला रोल नंबर आठवतात.